एक ‘सुरुवातीला’ आणि इंग्रजीतले पाच दरवाजे

रात्री साडेअकराला भाचीने व्हॉट्सॲपवर एक परिच्छेद पाठवला. तिला आयर्लंडमधल्या एका विद्यापीठात एमएस्सीसाठी अर्ज करायचाय. अर्जासोबत ‘मी कोण, मला हेच का शिकायचंय’ असं पानभर इंग्रजीत लिहून द्यावं लागतं. वर सूचना होती, “मामा, फक्त स्पेलिंगं बघ.” स्पेलिंगं सगळी बरोबर होती. परिच्छेद असा:

‘इन स्टार्टिंग आय वॉज वीक इन मॅथ्स. इन स्टार्टिंग ऑफ थर्ड इयर आय जॉइन्ड अ प्रोजेक्ट. वी हॅड प्रॉब्लेम्स फ्रॉम स्टार्टिंग. इन स्टार्टिंग वी चेक्ड द सेन्सर्स अँड देन द वायरिंग. द वायरिंग वॉज रॉन्ग इन स्टार्टिंग ओन्ली.’

पाच वाक्यं आणि पाच ‘स्टार्टिंग’. मी भाषांतराची कामं करतो, त्यामुळे हे वाचताना मला आतलं मराठी ऐकूच यायला लागलं. सुरुवातीला मी गणितात कच्ची होते. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला प्रोजेक्ट घेतलं. सुरुवातीपासून अडचणी होत्या. सुरुवातीला सेन्सर तपासले, मग वायरिंग. वायरिंग सुरुवातीलाच चुकलं होतं. मराठीत यातलं एकही वाक्य खटकत नाही, कारण आपला ‘सुरुवातीला’ हा घरातल्या थोरल्या सुनेसारखा आहे, सगळी कामं एकटाच उरकतो. इंग्रजीने हीच कामं पाच वेगवेगळ्या माणसांना वाटून दिली आहेत, आणि एकाचं काम दुसऱ्याला दिलं की वाक्य लंगडतं.

तेव्हा भाचीचा परिच्छेद समोर ठेवून ही कामं एकेक करून बघू.

आधी ‘स्टार्टिंग’ बाजूला काढा

मराठी बोलताना तुम्ही खुशाल ‘स्टार्टिंगला’ म्हणा, ‘स्टार्टिंगपासून’ म्हणा. तो शब्द आता आपला झालाय आणि रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. पण इंग्रजीत परत जाताना त्याचा आपल्याकडचा पासपोर्ट चालत नाही. तिथे ‘स्टार्टिंग’ सहसा दुसऱ्या नामाला चिकटून येतो: स्टार्टिंग पॉइंट, स्टार्टिंग सॅलरी, स्टार्टिंग प्राइस. ‘सुरुवात’ या अर्थाचं सुटं नाम हवं असेल तर ‘द स्टार्ट’ किंवा ‘द बिगिनिंग’. आणि तो ‘द’ विसरायचा नाही. मराठीत ‘द’सारखं उपपद नसल्यामुळे आपण ‘सिन्स बिगिनिंग’, ‘फ्रॉम स्टार्ट’ असं बिनधास्त लिहितो. इंग्रज कानाला ते बिनबटणाच्या शर्टासारखं वाटतं. एक मोठा अपवाद आहे: ‘फ्रॉम बिगिनिंग टु एंड’. दोन टोकं अशी जोडीने आली की ‘द’ गळतो.

लिहिताना ‘बिगिनिंग’मध्ये ‘एन’ तीन येतात, त्यातले पहिले दोन लागून. कारण ‘बिगिन’ म्हणताना जोर शेवटच्या ‘गिन’वर पडतो आणि तिथला ‘एन’ डबल होतो. ‘ओपन’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर आहे, म्हणून ‘ओपनिंग’मध्ये मधला ‘एन’ एकटाच.

मग मराठी वाक्यालाच प्रश्न विचारा

इंग्रजी शब्द शोधायला लगेच धावू नका. मराठी ‘सुरुवातीला’समोर उभे राहा आणि विचारा: कशाच्या सुरुवातीला, ते सांगितलंय का? नंतर चित्र पालटलं का? की ही फक्त क्रमातली पहिली गोष्ट आहे? ‘सुरुवातीला’ काढून ‘मुळात’ ठेवलं तर अर्थ तोच राहतो का? शेवटी ‘पासून’ आहे का?

यातल्या एखाद्या प्रश्नाला ‘हो’ आलं की कुठल्या दरवाजाने जायचं ते बहुतेक ठरतं.

‘कशाच्या तरी’ सुरुवातीला

भाचीचं दुसरं वाक्य सगळ्यात सोपं. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला. ‘च्या’ दिसला की ‘ॲट द बिगिनिंग ऑफ’ किंवा ‘ॲट द स्टार्ट ऑफ’. ‘ॲट द बिगिनिंग ऑफ माय थर्ड इयर आय जॉइन्ड अ प्रोजेक्ट.’

इथे ‘इन’ का नाही? इंग्रजीत ‘ॲट’ म्हणजे बोट ठेवण्याची जागा: ॲट द गेट, ॲट टेन ओक्लॉक. वर्ष, सिनेमा, धडा, सामना ही एक लांब पट्टी आहे असं धरा. तिच्या टोकावर बोट ठेवलं की ‘ॲट’. ‘इन द बिगिनिंग ऑफ द इयर’ हे अगदीच चूक म्हणता येणार नाही, लिहिणारे लिहितातही, पण सरावाची वाट ‘ॲट’चीच आहे. अर्जात सरावाच्या वाटेने चालावं.

महिना असेल तर आणखी हलका पर्याय आहे. ‘ॲट द बिगिनिंग ऑफ जून’ म्हटलं की पहिले दोनचार दिवस डोळ्यांपुढे येतात. ‘इन अर्ली जून’ म्हटलं की दहाएक दिवसांची मोकळीक मिळते. आपण मराठीत दोन्हीला ‘जूनच्या सुरुवातीला’ म्हणतो, म्हणून भाषांतरात हा फरक हरवतो.

जूनवरून आठवलं. पावसाच्या सुरुवातीसाठी हवामान खातं ‘बिगिनिंग’ वापरत नाही, ‘ऑनसेट’ वापरतं. ‘मान्सून ऑनसेट ओव्हर केरला’, नेहमीची तारीख १ जून. ‘ऑनसेट’ बहुधा अशा गोष्टींना लागतो ज्या आपल्यावर येऊन आदळतात किंवा आपल्याला गाठतात: पाऊस, हिवाळा, आजारपण, म्हातारपण. कोणी ‘द ऑनसेट ऑफ माय करिअर’ लिहिलं तर नोकरी तापासारखी चढली असा अर्थ होईल. काहींच्या बाबतीत तो खरा असेलही.

एकटा ‘सुरुवातीला’: इथेच सगळे अडकतात

आता पहिलं वाक्य. ‘सुरुवातीला मी गणितात कच्ची होते.’ ‘च्या’ नाही, काही नाही. ‘सुरुवातीला’ एकटाच उभा आहे. अशा वेळी हाताशी दोन शब्दप्रयोग असतात, ‘इन द बिगिनिंग’ आणि ‘ॲट फर्स्ट’. मराठी माणूस पहिल्याकडे धावतो, कारण त्यात ‘बिगिनिंग’ दिसतं. इंग्रज बहुधा दुसऱ्याकडे वळतो.

‘इन द बिगिनिंग’ला एक जुना आवाज आहे. १६११ साली किंग जेम्स राजाच्या आज्ञेने तयार झालेलं इंग्रजी बायबल छापलं गेलं, त्याचं पहिलंच वाक्य या तीन शब्दांनी सुरू होतं: इन द बिगिनिंग देवाने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली. योहानाचं शुभवर्तमानही याच शब्दांनी उघडतं. पिढ्यान्‌पिढ्या रविवारी प्रार्थनेत हे ऐकलेल्या कानाला ‘इन द बिगिनिंग’ वाक्याच्या तोंडाशी आलं की पाठीमागे ऑर्गन वाजल्यासारखं होतं. मराठी बायबलात तिथे ‘प्रारंभी’ आहे. ‘प्रारंभी मी गणितात कच्ची होते’ असं मराठीत म्हणून बघा, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

याचा अर्थ रोजच्या इंग्रजीत ‘इन द बिगिनिंग’ वापरत नाहीत असं नाही. लांबलचक गोष्टीचा पहिला टप्पा सांगायचा असेल तर तेच शोभतं. एखादं दुकान, एखादं लग्न, एखादी संस्था. ‘इन द बिगिनिंग वी हॅड टू टेबल्स अँड नो फॅन.’ तीस वर्षं खानावळ चालवलेल्या माणसाने हे म्हटलं तर अगदी जागेवर आहे. मागे एवढी वर्षं असल्यामुळे शब्दांचं वजन पेलतं.

‘ॲट फर्स्ट’चा स्वभाव निराळा. तो सुरुवात सांगतो आणि त्याच दमात कबूल करतो की पुढे पालटलं. ‘ॲट फर्स्ट आय थॉट ही वॉज जोकिंग’ एवढं ऐकलं की समोरचा ‘बट’ची वाट बघत बसतो. तो आला नाही तर त्याला जिन्याची शेवटची पायरी चुकल्यासारखं होतं. म्हणून भाचीच्या वाक्यात नुसता शब्द बदलून भागत नाही, वाक्य पुढे न्यावं लागतं: ‘ॲट फर्स्ट आय स्ट्रगल्ड विथ मॅथ्स, बट बाय द सेकंड इयर आय वॉज हेल्पिंग अदर्स.’ मी तिला फोन करून विचारलं, दुसऱ्या वर्षी खरंच कोणाला शिकवत होतीस का? म्हणाली, “हो, होस्टेलवर तिघींना.” मग लिहायला हरकत नाही.

कुठला वापरायचा हे ठरेना तर शेवटाकडून या. मराठीत ‘शेवटी’चीही हीच गत आहे. ‘सिनेमाच्या शेवटी ते भेटतात’ इथे ‘ॲट द एंड ऑफ’. ‘खूप घोळ झाला, शेवटी तिने हो म्हटलं’ इथे ‘इन द एंड’. पहिल्यात पट्टीच्या टोकावर बोट आहे, दुसऱ्यात सगळ्या भानगडीनंतरचा निकाल. तुमच्या वाक्याला ‘इन द एंड’ची जोडी शोभत असेल, म्हणजे मध्ये मोठी कहाणी असेल, तर ‘इन द बिगिनिंग’ चालेल. नसेल तर ‘ॲट फर्स्ट’. ऑफिसच्या अहवालात ‘इनिशियली’ लिहा. तो शब्द टाय लावून आलेला ‘ॲट फर्स्ट’च आहे.

‘आधी हे, मग ते’

चौथं वाक्य: सुरुवातीला सेन्सर तपासले, मग वायरिंग. इथे काही पालटलं नाही, फक्त क्रम आहे. मराठीत चटकन ‘आधी’ ठेवता येतो, हीच ओळखीची खूण. इंग्रजीत नुसतं ‘फर्स्ट’. ‘फर्स्ट वी चेक्ड द सेन्सर्स, देन द वायरिंग.’

‘ॲट फर्स्ट’ आणि ‘फर्स्ट’ यांची अदलाबदल ही मी सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त केलेली चूक असेल. मुलाखतीला बसलेला मुलगा म्हणतो, ‘ॲट फर्स्ट आय विल इंट्रोड्यूस मायसेल्फ.’ समोरच्याला ऐकू येतं ते असं: आधी मी ओळख करून देईन, पण नंतर बेत बदलेल. पाककृतीत ‘ॲट फर्स्ट हीट द ऑइल’ लिहिलं तर पुढे तेल फेकून द्यायचंय की काय, असं वाटतं. कृती, यादी, सूचना यांत ‘फर्स्ट’ किंवा ‘फर्स्टली’. मला ‘फर्स्ट’ आवडतो, कारण ‘फर्स्टली’ सुरू केलं की ‘सेकंडली, थर्डली, फोर्थली’ करत शेवटपर्यंत जावं लागतं आणि ‘फोर्थली’ म्हणताना जीभ वळत नाही.

‘मुळातच’: टु बिगिन विथ

पाचवं वाक्य माझं लाडकं आहे. ‘द वायरिंग वॉज रॉन्ग इन स्टार्टिंग ओन्ली.’ हा ‘ओन्ली’ म्हणजे आपला ‘च’. सुरुवातीला+च. भारतीय इंग्रजीत ‘आय लिव्ह इन पुणे ओन्ली’ असं जे ऐकू येतं, तोच हा. इंग्रजीत ‘ओन्ली’ जोर द्यायला येत नाही, ‘फक्त’ म्हणायला येतो. त्यामुळे ‘मी पुण्यातच राहतो’चं ‘मी फक्त पुण्यात राहतो’ होतं, जणू तुमची लोणावळ्यालाही एखादी माडी असावी अशी कोणाला शंका होती.

मग हा ‘च’ न्यायचा कसा? ‘सुरुवातीलाच’च्या जागी ‘मुळातच’ ठेवा: वायरिंग मुळातच चुकलं होतं. वाक्य बसलं. आता दरवाजा सापडला: ‘टु बिगिन विथ’, तोही वाक्याच्या शेवटी. ‘द वायरिंग हॅड बीन रॉन्ग टु बिगिन विथ.’ इथे ‘वॉज’चं ‘हॅड बीन’ केलंय, कारण तपासणी भूतकाळात झाली आणि चूक त्याच्याही आधीची होती.

या तीन शब्दांची जागा आणि त्यांच्याजवळचा स्वल्पविराम नीट बघा, कारण जागा बदलली की अर्थ बदलतो.

वाक्याच्या तोंडाशी, पुढे स्वल्पविराम देऊन: ‘टु बिगिन विथ, द वायरिंग वॉज रॉन्ग.’ अर्थ झाला, ‘एक तर वायरिंग चुकलं होतं’, आणि ऐकणारा पुढची कारणं ऐकायला सावरून बसतो. भांडणात हा फार कामाचा. घरमालकाला इंग्रजीत तक्रार लिहायची असेल तर ‘टु बिगिन विथ’ने पहिलं कारण, मग ‘अल्सो’, मग ‘अँड फायनली’. कारण एकच असेल तर मात्र हा शब्द वापरू नका. पंगतीला बसवून एकच पुरी वाढल्यासारखं होतं.

वाक्याच्या शेवटी, स्वल्पविरामाशिवाय: ‘ही वॉज नॉट रिच टु बिगिन विथ.’ तो मुळातच श्रीमंत नव्हता, आताची गरिबी ही काही नवी बातमी नाही. याच ठिकाणी ‘इन द फर्स्ट प्लेस’ही येतो, त्यात जरा जास्त चीड असते. ‘व्हाय डिड यू कॉल हिम इन द फर्स्ट प्लेस?’ म्हणजे ‘मुळात त्याला बोलावलंस कशाला?’

बोलताना, खासकरून ब्रिटिश बोलीत, ‘टु बिगिन विथ’ आणि ‘टु स्टार्ट विथ’ हे ‘ॲट फर्स्ट’च्या जागीही वापरतात: ‘इट वॉज हार्ड टु बिगिन विथ, बट आय गॉट यूज्ड टु इट.’ म्हणजे एकच वाक्यांश तीन कामं करतो. इंग्रजीकडेही एखादी थोरली सून आहे म्हणायची. कुठलं काम चाललंय हे पुढे ‘बट’ येतो का, यावरून उमजतं.

आणि ‘फॉर स्टार्टर्स’? अर्थ ‘एक तर’ हाच, पण गप्पांमधला. हॉटेलात जे आधी येऊन पोट भरतं आणि मग जेवण उरतं, त्या ‘स्टार्टर’ची आठवण करून देणारा शब्द. अर्जात नको.

‘पासून’

उरलं तिसरं वाक्य. ‘वी हॅड प्रॉब्लेम्स फ्रॉम द स्टार्ट.’ झालं. जोर हवा असेल तर ‘राइट फ्रॉम द स्टार्ट’ किंवा ‘फ्रॉम द व्हेरी बिगिनिंग’, म्हणजे ‘अगदी सुरुवातीपासून’.

मराठी ‘पासून’ला इंग्रजीत ‘फ्रॉम’ आणि ‘सिन्स’ असे दोन वारस आहेत. ‘सिन्स’ला सहसा मागे ‘हॅव’ किंवा ‘हॅड’ लागतो आणि गोष्ट बहुधा अजून चालू असते: ‘आय हॅव बीन हिअर सिन्स द बिगिनिंग ऑफ द इयर.’ ‘आय ॲम हिअर सिन्स बिगिनिंग’ या वाक्यात दोन चुका आहेत, त्या आता तुम्हीच शोधा.

याहून चिवट चूक वेळेची. ‘मीटिंग दहापासून सुरू होईल’चं आपण ‘द मीटिंग विल स्टार्ट फ्रॉम टेन’ करतो. सुरू होणं ही एका क्षणाची घटना आहे, ती दहापासून पुढे सारखी सुरू होत राहत नाही. म्हणून ‘स्टार्ट्स ॲट टेन’. वार असेल तर ‘स्टार्ट्स ऑन मंडे’, महिना असेल तर ‘स्टार्ट्स इन जुलै’. ‘फ्रॉम’ शोभतो तो जागेला किंवा किमतीला: ट्रेक पायथ्याच्या गावातून सुरू होतो, खोल्या अमुक रुपयांपासून पुढे मिळतात. सरकारी पत्रांतल्या ‘विथ इफेक्ट फ्रॉम’ने आपली ही सवय पक्की केली असावी, असा मला संशय आहे.

बिगिन की स्टार्ट?

बहुतेक ठिकाणी दोन्ही चालतात. ‘बिगिन’ थोडा सोवळ्यातला, ‘स्टार्ट’ घरातला. पण गाडी, पंप, मिक्सर यांना ‘स्टार्ट’च. ‘आय बिगॅन द कार’ कोणी म्हणत नाही. ‘स्टार्ट’चा मूळ अर्थच उडी मारणं, दचकणं असा होता, आणि थंडीत किक मारल्यावर जुनी स्कूटर जशी दचकते ते पाहिलं की हे पटतं. तिसरा ‘कमेन्स’, हा १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमधून आलेला दरबारी शब्द. तो परीक्षेच्या वेळापत्रकात राहू द्या.

‘ने सुरुवात’साठी दोन वाटा आहेत. वस्तू असेल तर ‘विथ’: ‘वी बिगॅन विथ अ प्रेयर.’ कृती असेल तर ‘बाय’: ‘शी बिगॅन बाय थँकिंग एव्हरीवन.’ आणि ‘बिगिनिंग’च्या पाठीला लागून दुसरा ‘इंग’ नको. ‘इट वॉज बिगिनिंग टु रेन’ म्हणा, ‘बिगिनिंग रेनिंग’ नको, घुंगरं वाजतात.

रंगीत सुरुवाती

हे सांभाळून वापरायचे. ‘फ्रॉम स्क्रॅच’ म्हणजे शून्यापासून. एकोणिसाव्या शतकातल्या शर्यतींत कच्च्या धावपटूंना थोडं पुढून पळू देत. सवलत नसलेला पक्का गडी जमिनीवर ओरखडलेल्या रेघेवरून निघे. ती रेघ म्हणजे ‘स्क्रॅच’. म्हणून या शब्दात नुसती सुरुवात नाही, कोणाची मदत न घेता केलेली सुरुवात आहे. विकतच्या पिठाचा ढोकळा ‘फ्रॉम स्क्रॅच’ होत नाही.

‘बॅक टु स्क्वेअर वन’ला आपल्याकडे तयार जोडीदार आहे: पहिले पाढे पंचावन्न. सापशिडीत नव्व्याण्णववरून घसरून पहिल्या घरात आलेला चेहरा डोळ्यांपुढे आणा. ‘फ्रॉम द गेट-गो’ अमेरिकी बोलीतला, ‘फ्रॉम डे वन’ ऑफिसातला. ‘हंबल बिगिनिंग्ज’ मात्र नेहमी अनेकवचनी आणि दुसऱ्याबद्दल बोलताना बरं. स्वतःबद्दल लिहिलं की त्यातलं ‘हंबल’ उडून जातं. उलट दिशेला, आपल्या ‘श्रीगणेशा’ला इंग्रजीत जोड सापडत नाही. तिथे ‘वी मेड अ स्टार्ट’ एवढ्यावर भागवावं लागतं आणि मोदक घरीच राहतात.

परत परिच्छेदाकडे

सगळं एकत्र केल्यावर तो असा झाला:

‘ॲट फर्स्ट आय स्ट्रगल्ड विथ मॅथ्स, बट बाय द सेकंड इयर आय वॉज हेल्पिंग अदर्स. ॲट द बिगिनिंग ऑफ माय थर्ड इयर आय जॉइन्ड अ प्रोजेक्ट ऑन सॉइल मॉइश्चर इन व्हाइनयार्ड्स. वी हॅड प्रॉब्लेम्स फ्रॉम द स्टार्ट. फर्स्ट वी चेक्ड द सेन्सर्स, देन द वायरिंग. द वायरिंग हॅड बीन रॉन्ग टु बिगिन विथ.’

द्राक्षबागेतल्या ओलाव्याचं तिने आधी लिहिलंच नव्हतं, फोनवर बोलता बोलता निघालं. मी हे तिला पाठवलं, खाली प्रत्येक बदलाचं कारण लिहिलं आणि झोपलो.

दोन दिवसांनी तिचा इंग्रजीत मेसेज आला. ‘ॲट फर्स्ट आय थॉट यू वेअर बीइंग फसी.’ पुढे पूर्णविराम. आज आठवडा झाला, ‘बट’ अजून आलेला नाही.